ग्रीनलँड शार्क आणि युरोपीय ससा: दोन आयुष्यांचा हिशेब

ग्रीनलँड शार्कची मादी वयात येते तेव्हा तिने सुमारे दीडशे वर्षे समुद्रात काढलेली असतात. युरोपीय सशाची मादी चार-पाच महिन्यांची झाली की तिला पिल्ले होऊ शकतात. आयुष्याच्या गतीत एवढी तफावत असलेले दोन पृष्ठवंशी प्राणी शोधूनही सहज सापडणार नाहीत. तरीही या दोन प्रजातींविषयी जे मिळेल ते वाचत असताना मला सतत वाटत आले आहे की त्यांना शेजारी शेजारी ठेवले तरच त्या नीट कळतात. एकट्या शार्कविषयी वाचले की त्याच्या दीर्घायुष्याने आपण थक्क होतो आणि तिथेच थांबतो. एकट्या सशाविषयी वाचले की त्याच्या विणीचे आकडे पाहून थांबतो. दोघांचा हिशेब एकाच पानावर मांडला, तर मात्र दोन्हींच्या मुळाशी एकच नियम दिसू लागतो, आणि आज दोघांवरही संकट का आले आहे, याचे उत्तरही त्याच नियमात सापडते.

आधी दोघांची ओळख करून देतो. ग्रीनलँड शार्क, शास्त्रीय नाव सोम्निओसस मायक्रोसेफॅलस, हा उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिक समुद्राच्या गारठलेल्या पाण्यात राहतो. पूर्ण वाढलेली मादी पाच मीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही लांब होते आणि तिचे वजन एक टनाच्या घरात जाते. उणे एक अंश सेल्सिअसच्या पाण्यातही तो वावरतो आणि दोन हजार मीटरपेक्षा अधिक खोलीवरही त्याची नोंद झालेली आहे. युरोपीय ससा, ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस, हा मूळचा स्पेन आणि पोर्तुगाल असलेल्या आयबेरियन द्वीपकल्पाचा, त्याला लागून असलेल्या नैर्ऋत्य फ्रान्सचा. रानटी ससा दीड-दोन किलोंचा, जमिनीत बिळांचे जाळे खणून कळपाने राहणारा. जगभर पाळल्या जाणाऱ्या सशांच्या सगळ्या जाती, मग तो लांब केसांचा अंगोरा असो की लोंबत्या कानांचा, याच एका प्रजातीपासून तयार झालेल्या आहेत. शार्क आणि ससा यांचे सामाईक पूर्वज सुमारे पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात होते. आज एका शाखेचा सांगाडा कूर्चेचा आहे आणि दुसरीचा हाडांचा.

एवढ्या जुन्या फाटाफुटीनंतर दोघांत समान काय उरले असेल, असे कुणी विचारले तर मी दातांकडे बोट दाखवीन. दात झिजतात आणि झिजलेल्या दाताने पोट भरत नाही, ही अडचण दोघांनाही आहे, पण तिच्यावरचे उपाय वेगळे आहेत. शार्कच्या जबड्यात दातांच्या एकामागे एक रांगा असतात. पुढची रांग निकामी झाली की मागची पुढे सरकते. ग्रीनलँड शार्कच्या वरच्या जबड्यात सुईसारखे अणकुचीदार दात असतात आणि खालच्या जबड्यात रुंद, एका बाजूला कललेले, एकमेकांना खेटून बसलेले दात असतात, ज्यांची मिळून एक सलग करवत तयार होते. वरचे दात भक्ष्यात रुततात, मग शार्क डोके गोल फिरवतो आणि खालची करवत मांसाचा वाटोळा तुकडा कापून काढते. सशाने दात बदलण्याऐवजी ते आयुष्यभर वाढत ठेवले आहेत. त्याचे पुढचे दात आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर वाढतात आणि गवतातील वाळूसारख्या कठीण कणांनी तेवढेच झिजतात. वरच्या मोठ्या पटाशीच्या दातांमागे लहान दातांची आणखी एक जोडी दडलेली असते. उंदीर-खारींना ती नसते, आणि एवढ्या एका खुणेवरूनही सशाची कवटी वेगळी ओळखता येते.

चपळाईच्या बाबतीत तर तुलना करण्यासारखे फार काही नाही. नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांजवळ सहा ग्रीनलँड शार्कना उपकरणे बांधून घेतलेल्या मोजमापात त्यांचा सरासरी वेग सेकंदाला ०.३४ मीटर, म्हणजे ताशी सव्वा किलोमीटरच्या आसपास निघाला. जोर लावूनही तो ताशी तीन किलोमीटरच्या आतच राहिला. सावकाश चालणारा माणूसही याहून पुढे निघून जाईल. तरीही या शार्कच्या पोटात सीलचे अवशेष सापडतात. हिमअस्वलाच्या भीतीने पाण्यातच झोपणारे सील त्याला गाठता येत असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे आणि मला तो पटण्यासारखा वाटतो. सशाचे सगळे जगणे याच्या उलट आहे. ताशी तीस किलोमीटरहून अधिक वेगाने, दर काही उड्यांनंतर दिशा बदलत बिळाकडे धावणे, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या डोळ्यांनी जवळजवळ चहूकडचे एकाच वेळी पाहणे, यावर त्याचे प्राण टिकून असतात. शार्कच्या डोळ्यांची अवस्था पाहवत नाही: बऱ्याच शार्कच्या बुबुळावर कोपेपॉड वर्गातला एक परजीवी घट्ट रोवून बसलेला असतो आणि डोळ्यातून बारीक दोरीसारखा बाहेर लोंबत राहतो.

त्याच डोळ्याने या प्राण्याच्या वयाचे कोडे सोडवले. माशाचे वय सहसा कानातील चुनखडीच्या खड्यांवरून ठरवतात. शार्कना तसे खडे नसतात, म्हणून त्यांच्या मणक्यांवरील वाढीची वलये मोजली जातात. ग्रीनलँड शार्कचे मणके इतके मऊ असतात की त्यांवर वलयेच उमटत नाहीत. हा प्राणी अतिशय संथपणे वाढतो एवढा अंदाज मात्र जुना होता, कारण १९३६ मध्ये खूण लावून सोडलेला एक शार्क सोळा वर्षांनी पुन्हा सापडला तेव्हा त्याची लांबी अवघी आठ सेंटिमीटर वाढलेली होती. पण त्यावरून नेमके वय काढता येत नव्हते. कोपनहेगन विद्यापीठातील ज्युलियस नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेत्रभिंगाकडे लक्ष वळवले. भिंगाच्या अगदी आतल्या गाभ्यातील प्रथिने पिल्लू आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि पुढे कधीही बदलली जात नाहीत. बाहेरून थर चढत जातात, गाभा जसाच्या तसा राहतो. म्हणजे त्या गाभ्यातील किरणोत्सारी कार्बन, अर्थात कार्बन-१४, जन्माच्या वेळचाच असतो.

या पद्धतीतील सर्वांत उपयोगी खूण माणसाने नकळत पुरवली होती. १९५० च्या दशकातील अणुचाचण्यांमुळे वातावरणात कार्बन-१४ चे प्रमाण एकाएकी वाढले आणि हळूहळू ते समुद्राच्या अन्नसाखळीत उतरले. तपासलेल्या अठ्ठावीस माद्यांपैकी अगदी लहान असलेल्या मोजक्या शार्कच्या भिंगात ही वाढ दिसली, त्यापेक्षा मोठ्या कुठल्याच मादीत दिसली नाही. त्यामुळे मोठ्या माद्या त्या चाचण्यांच्या आधीच्या, हे निर्विवाद ठरले. किती आधीच्या, याचा हिशेब लांबी आणि कार्बन यांचा एकत्र विचार करून केला गेला आणि २०१६ मध्ये तो सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सर्वांत मोठ्या, ५०२ सेंटिमीटर लांबीच्या मादीचे वय ३९२ वर्षे निघाले, मात्र त्यात १२० वर्षे इकडे किंवा तिकडे होऊ शकतात. बातम्यांमध्ये बहुतेक ठिकाणी फक्त चारशे किंवा पाचशे हा आकडा उचलला गेला, हे मला खटकते. अंदाजाची खालची बाजू धरली तरी ते वय २७२ वर्षे होते आणि तेवढ्यावरही हा प्राणी सर्वाधिक जगणारा ज्ञात पृष्ठवंशी ठरतो. फुगवून सांगण्याची गरजच उरत नाही. त्याच अभ्यासाने मादी चार मीटर लांबीची झाल्यावर, म्हणजे सुमारे १५६ व्या वर्षी, प्रजननक्षम होते असे दाखवले. माझ्या मते हा आकडा कमाल वयापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच मागे पडला.

सशाच्या वयाची अशी उकल करावी लागत नाही. रानातले बहुतेक ससे जन्माचे पहिले वर्षही पूर्ण करत नाहीत. जे करतात त्यांतील थोडेच तीन-चार वर्षांचे होतात आणि नऊ वर्षे जगणारा रानटी ससा अपवाद म्हणावा लागेल. मादीच्या शरीरात बीजांड ठराविक दिवशी सुटत नाही. नराशी संयोग झाला की मगच ते सुटते, त्यामुळे संधी वाया जात नाही. गर्भ तीस दिवसांच्या आसपास वाढतो, एका वेळी तीन ते सात पिल्ले होतात, आणि व्याल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. अन्नाची टंचाई किंवा गर्दीचा ताण असेल तर वाढू लागलेले गर्भ ती स्वतःच्या शरीरात शोषूनही घेते. सशाच्या विणीविषयी बोलताना आपण सहसा फक्त वेग पाहतो, पण मला या यंत्रणेतील आवरते घेण्याची सोय अधिक लक्षणीय वाटते.

सशाच्या पिलांचे पहिले दिवस तर बारकाईने पाहण्यासारखेच आहेत. व्यायची वेळ जवळ आली की मादी बहुधा मुख्य बिळांपासून थोडे दूर एकाच तोंडाचे एक छोटे बीळ खणते, त्यात सुके गवत नेऊन टाकते आणि स्वतःच्या पोटावरचे केस उपटून त्याचे अस्तर करते. पिल्ले केसांविना, डोळे मिटलेली जन्मतात. त्यानंतर आई त्यांच्याजवळ बसून राहत नाही. ती दिवसातून साधारण एकदाच येते, तोंडावर ओढलेली माती बाजूला करते, तीन-चार मिनिटे पाजते आणि पुन्हा माती लोटून निघून जाते. वरवर हे दुर्लक्ष वाटते, पण आईच्या वारंवार येण्याजाण्याने कोल्ह्याला बिळाचा माग लागू शकतो आणि प्रत्येक टाळलेली फेरी पिलांचे रक्षण करते. त्या तीन-चार मिनिटांत अंधारात चाचपडायला सवड नसते. आईच्या दुधातून निघणाऱ्या एका विशिष्ट रेणूचा वास येताच पिल्ले डोके हलवत थेट स्तनाग्रापर्यंत पोहोचतात. २००३ मध्ये तो रेणू ओळखण्यात आला. दूध अतिशय दाट असते. दहाव्या दिवसाच्या सुमारास पिलांचे डोळे उघडतात आणि चार आठवड्यांत त्यांचे दूध तुटते, कारण तोवर पुढच्या वेताची वेळ झालेली असते.

ग्रीनलँड शार्कची पिल्लेही आईच्या पोटातच वाढतात, मात्र त्यांचे पोषण अंड्यातील बलकावर होते. बाहेर येताना ती सुमारे चाळीस सेंटिमीटर लांबीची, दात फुटलेली, पूर्ण तयार असतात आणि आई त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही. म्हणजे ससा अर्धवट घडलेली पिल्ले लवकर जन्माला घालून त्यांच्यावर महिनाभर खर्च करतो, तर शार्क सगळा खर्च जन्माआधीच उरकतो.

आता मूळ नियमाकडे येतो. कोणत्याही प्राण्याची संख्या दीर्घकाळ स्थिर राहत असेल, तर त्याचा अर्थ असा की एका जोडप्याच्या सगळ्या पिलांपैकी सरासरी फक्त दोनच वयात येऊन आई-बापांची जागा घेतात. दोनपेक्षा अधिक उरली तर संख्या वाढत जाते, कमी उरली तर घटत जाते. सशाच्या जोडप्याने तीस पिल्ले जन्माला घातली असोत किंवा शार्कने शंभर-दोनशे वर्षांच्या प्रौढपणात थोड्याथोड्या संख्येने दिली असोत, शेवटी उरणारा आकडा तोच असतो. सशाला आपण बहुप्रसवा म्हणतो आणि शार्कला मंदगती, पण वारस मागे ठेवण्याच्या कामात, संख्या स्थिर असेपर्यंत, दोघे तंतोतंत बरोबरीचे आहेत. फरक आहे तो मृत्यू आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर येतो यात. सशाच्या जगात मरण अगदी कोवळ्या वयात आणि सतत येते. कोल्हा, मुंगूस, घार, लिंक्स नावाचे रानमांजर, पाऊस, रोग यांतून उद्याची खात्री नसल्याने प्रजनन पुढे ढकलणे त्याला परवडणारे नसते. शार्कच्या जगात एकदा मोठा झालेला प्राणी जवळजवळ कुणाचेच भक्ष्य नसतो. थंड पाण्यात देहाचा खर्च कमी आणि वाढही कमी. पण उद्या जवळपास नक्की येणार असतो, म्हणून दीडशे वर्षे थांबूनही त्याचे नुकसान होत नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. दोन्ही प्रजाती मृत्यू सहन करू शकतात, फक्त तो ज्या टप्प्यावर येईल असे त्यांचे आयुष्य गृहीत धरून बसले आहे, त्याच टप्प्यावर. सशांच्या कळपातील प्रौढ मारले गेले तरी पुढच्या वर्षी भर पडते. शार्कच्या प्रौढ माद्या मारल्या गेल्या तर भर पडायला शतक लागते. हा नियम मला आधी पुस्तकी वाटत होता. सशाचा इतिहास वाचताना तो किती प्रत्यक्ष आहे ते ध्यानात आले.

१८५९ च्या डिसेंबरात थॉमस ऑस्टिन यांनी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत, बार्वन पार्क येथील आपल्या जमिनीवर, इंग्लंडहून आणवलेले दोन डझन ससे शिकारीच्या हौसेसाठी सोडले. त्याआधी, १७८८ पासूनच, ऑस्ट्रेलियात पाळीव ससे आलेले होते, पण ते फारसे पसरले नव्हते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिले की मुख्य भूमीवरील बहुतांश ससे ऑस्टिन यांच्या त्या एका तुकडीचे वंशज आहेत, आणि त्या तुकडीत रानटी सशांचे रक्त होते. ते वर्षाला सुमारे शंभर किलोमीटर वेगाने पसरत गेले. त्यांना अडवण्यासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात तीन कुंपणे उभारली, ज्यांची एकूण लांबी तीन हजार किलोमीटरहून अधिक होती, पण काम संपण्याआधीच ससे पलीकडे पोहोचलेले होते. तिथे सशाची पिल्ले खाणारे त्याच्या मूळ देशातले शत्रू आणि रोग नव्हते. कोवळ्या वयातील मृत्यू कमी होताच दोन या आकड्याचा समतोल ढासळला आणि ससा वाढत सुटला. याचे फळ तिथल्या गवताळ जमिनींना आणि मूळच्या लहान सस्तन प्राण्यांना भोगावे लागले, आणि त्याचा दोष मी सशाला देणार नाही.

हीच १८५९ ची तारीख शार्कच्या बाजूने पाहू. त्या डिसेंबरात आर्क्टिक समुद्रात जन्मलेली मादी २०१५ च्या आसपास प्रथमच वयात आली असेल. ससे एक अख्खा खंड व्यापत होते, रोगाने कोसळत होते, पुन्हा सावरत होते, तो सगळा काळ तिचे केवळ बालपण आणि पौगंड होते. सशाच्या किमान दीडशे पिढ्या झाल्या, तिची एक पिढी पुरी होत होती.

पिढ्यांच्या या फरकाला निव्वळ आकड्यापलीकडे अर्थ आहे आणि तो मिक्सोमा विषाणूच्या गोष्टीत दिसतो. दक्षिण अमेरिकेतील एका वेगळ्या जातीच्या सशात हा विषाणू किरकोळ गाठ आणतो, पण युरोपीय सशाला तो ठार मारतो. १९५० मध्ये तो ऑस्ट्रेलियात मुद्दाम सोडण्यात आला आणि डासांमार्फत मरी नदीच्या खोऱ्यात वणव्यासारखा पसरला. सुरुवातीला लागण झालेल्या सशांपैकी नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक मरत होते. लोकांच्या मनात भीती बसू लागली तेव्हा फ्रँक फेनर, मॅकफार्लेन बर्नेट आणि इयन क्लुनिस रॉस या तिघा शास्त्रज्ञांनी तो विषाणू स्वतःला टोचून घेतला आणि माणसाला त्यापासून अपाय नाही हे दाखवले. पुढच्या काही वर्षांत दोन गोष्टी घडल्या. सशाला फार लवकर मारणारा विषाणू पसरायला पुरेसा वेळ मिळत नसल्याने मागे पडला आणि सौम्य वाण वरचढ झाले. आणि मेलेल्यांतून उरलेल्या सशांची संतती अधिक चिवट निघाली. मध्यम तीव्रतेच्या एकाच वाणाची लागण करून तपासले असता मृत्यूचे प्रमाण सुमारे नव्वद टक्क्यांवरून साधारण सात वर्षांत तीस टक्क्यांच्या आत आले. १९५२ मध्ये हाच विषाणू पॉल-फेलिक्स आर्माँ-डेलिल या डॉक्टरांनी फ्रान्समध्ये आपल्या मालमत्तेवर सोडला आणि दोनेक वर्षांत त्या देशातील बहुसंख्य ससे मेले. पुढे २०१९ मध्ये संग्रहालयांत जपलेले जुने ससे आणि आजचे ससे यांची जनुके ताडून पाहण्यात आली, तेव्हा ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि फ्रान्स या तिन्ही ठिकाणी प्रतिकाराशी निगडित त्याच जनुकांत तसेच बदल झालेले आढळले.

ससा हे करू शकला, कारण त्याच्याकडे पिढ्या होत्या. निवड होण्यासाठी जन्म आणि मृत्यू यांचे चक्र फिरावे लागते आणि सशाचे चक्र दरवर्षी फिरते. समुद्राचे तापमान, बर्फाचे आच्छादन, मासेमारीची साधने या गोष्टी गेल्या दीडशे वर्षांत जितक्या बदलल्या, त्या सगळ्या ग्रीनलँड शार्कच्या दृष्टीने एका पिढीच्या आत घडल्या. आज पोहणाऱ्या मोठ्या माद्या जुन्या समुद्रासाठी घडलेल्या आहेत आणि नव्या समुद्रात निवड होऊन आलेली त्यांची पिढी अजून यायची आहे.

इतके असूनही ससा सुरक्षित नाही, हे मला कळले तेव्हा मी अस्वस्थ झालो. १९८४ मध्ये चीनमध्ये सशांचा एक नवा रक्तस्रावी रोग ओळखला गेला आणि १९८८ पर्यंत तो स्पेनमध्ये पोहोचला. त्या विषाणूने प्रौढ ससे मोठ्या संख्येने मारले, पण अगदी लहान, दोन महिन्यांच्या आतली पिल्ले त्याला सहसा बळी पडत नसत; उलट त्या वयात लागण झाली तर ती पुढे जन्मभर सुरक्षित राहत. ससे दाट असलेल्या जागी पिल्ले लहानपणीच विषाणूला सामोरी जात, म्हणून तिथली वसाहत टिकून राही, आणि विरळ जागी ती मोठेपणी सापडून मरत. २०१० मध्ये फ्रान्समध्ये या विषाणूचा दुसरा प्रकार आढळला आणि पुढच्याच वर्षी तो स्पेनमध्ये दिसला. हा प्रकार काही आठवड्यांच्या पिलांनाही मारतो. सशाचा सगळा हिशेब पिलांच्या भरीवर उभा आहे, आणि या विषाणूने नेमक्या त्या भरीवरच घाव घातला. आयबेरियाच्या अनेक भागांत निम्म्याहून अधिक ससे नाहीसे झाले. काही शेतीप्रदेशांत आजही ससे पिकांचे नुकसान करण्याइतके आहेत, त्यामुळे तिथला शेतकरी आणि जवळच्याच डोंगरातला वनरक्षक यांना एकाच प्रजातीविषयी अगदी वेगवेगळे बोलताना ऐकू येते, आणि दोघेही खरे सांगत असतात.

डोंगरातल्या वनरक्षकाची काळजी केवळ सशापुरती नसते. आयबेरियन लिंक्सच्या आहाराचा ऐंशी-नव्वद टक्के भाग हा एकच प्राणी पुरवतो. स्पॅनिश शाही गरुडही मुख्यतः त्याच्यावरच जगतो. शतकाच्या आरंभी लिंक्सची संख्या शंभराच्या आसपास उरली होती. बंदिवासातील पैदास, पुनर्वसन आणि त्याबरोबर सशांच्या वसाहती उभ्या करण्याचे चिकाटीचे काम यांमुळे ती २०२३ मध्ये दोन हजारांच्या वर गेली. त्या यशाचे श्रेय लिंक्सच्या छायाचित्रांना मिळते. मला मात्र असे वाटते की निम्मे श्रेय, कृत्रिम बिळे रचून, झुडपे राखून सशांना आसरा देणाऱ्या लोकांचे आहे.

शार्कवरचा घाव आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. त्याचे ताजे मांस ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड या द्रव्यामुळे विषारी असते, पण यकृतातील तेल दिव्यांसाठी आणि यंत्रांसाठी मौल्यवान होते. त्या तेलासाठी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आइसलँड, नॉर्वे आणि ग्रीनलँड यांच्या पाण्यात वर्षाकाठी हजारोंनी शार्क मारले गेले. यकृत मोठे हवे म्हणून मोठे शार्क हवे होते, आणि मोठे म्हणजे बहुधा प्रौढ माद्या. स्वस्त खनिज तेल आणि कृत्रिम पर्याय आले तेव्हा ती शिकार थांबली. पण त्या माद्यांची पिल्ले जन्मली असती तर ती अजून वयात यायची बाकी असती, म्हणजे ती तूट भरून निघण्याची वेळच अद्याप आलेली नाही.

आता तो जाणूनबुजून फारसा मारला जात नाही. हॅलिबट मासा आणि कोळंबी यांच्यासाठी बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांत आणि शेकडो गळ लावलेल्या लांब दोऱ्यांवर तो सापडतो. वायव्य अटलांटिक मत्स्यव्यवसाय संघटनेने २०२२ मध्ये आपल्या अखत्यारीतील आंतरराष्ट्रीय पाण्यात ग्रीनलँड शार्क पकडून ठेवण्यावर बंदी घातली. हा निर्णय योग्य आहे, पण ठेवण्यावर बंदी म्हणजे सापडण्यावर बंदी नव्हे, आणि खरा प्रश्न तिथेच आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ग्रीनलँड शार्क असुरक्षित या वर्गात आहे. युरोपीय ससा त्याहून वरच्या धोक्याच्या, संकटग्रस्त या वर्गात आहे, कारण मूल्यमापन त्याच्या मूळ प्रदेशाचे केलेले आहे. इतका भराभर वाढणारा प्राणी इतक्या सावकाश वाढणाऱ्यापेक्षा एक पायरी अधिक धोक्यात, हे वाचून पुष्कळांना यादीतच काहीतरी चुकले आहे असे वाटते. यादी चुकलेली नाही. तिचे निकष आधी संख्या किती वेगाने घटते आहे ते पाहतात, आणि सशाची घट दहा वर्षांत स्पष्ट मोजता आली. शार्कची घट अनेक पिढ्यांवर, म्हणजे शतकांवर, अंदाजाने बांधावी लागते.

म्हणून या दोन प्राण्यांचे संरक्षण एकाच पद्धतीने करता येणार नाही. सशांची गणती दरवर्षी, ठिकठिकाणी करावी लागेल, रोगाची प्रत्येक लाट नोंदवावी लागेल. चार वर्षे उशीर झाला तर त्या भागातील लिंक्सला उपासमार सोसावी लागते. शार्कच्या बाबतीत दरवर्षीच्या गणतीतून फारसे काही कळणार नाही. तिथे प्रत्येक प्रौढ मादी जिवंत ठेवणे हेच काम आहे आणि ते बोटीवरच्या माणसांच्या हातात आहे. दोरीत शेपटीशी गुंतलेला शार्क सोडवणे कष्टाचे असते, आणि दोरी वाचवण्यासाठी शेपटीच कापून टाकण्याचे प्रकार नोंदवले गेले आहेत. त्याऐवजी दोरी तोडून शार्क पाण्यातच मोकळा करणे, त्याला वर ओढून न घेणे आणि सोडण्याआधी लांबी व लिंग लिहून ठेवणे, एवढे प्रत्येक बोटीवर सक्तीने व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे. लांबीची नोंद यासाठी की जाळ्यात आलेली साडेतीन मीटरची मादी शंभरी गाठलेली असली, तरी तिने अजून एकही पिल्लू दिलेले नसण्याची शक्यता मोठी असते. आणि किती माद्या अशा अपुऱ्या वयात सापडतात, हे त्या नोंदींवाचून कळण्याचा दुसरा मार्ग नाही.